नळीतला बुडबुडा

वादळात अंगणातलं झाड रस्त्याच्या बाजूला कोसळलं आणि घर थोडक्यात बचावलं. उरलेल्या बुंध्यावर सासूबाईंना कुंड्या मांडायच्या होत्या, लेकीला स्टूल हवं होतं. मी चहाचं टेबल करायचं ठरवून सुताराला बोलावलं.

त्यानं रंधा मारून बुंधा गुळगुळीत केला आणि वर लेव्हलची नळी ठेवली. आतला बुडबुडा बरोब्बर मधोमध आला. मग तो हळूच घराकडे सरकला. थांबला. पुन्हा रस्त्याकडे आला.

"बुंधा हलतोय का हो दादा?"

"हलायला काय झालंय त्याला? मुळं पक्की आहेत." त्यानं नळी पायरीवर ठेवून पाहिली. तिथं बुडबुडा गप्प बसला. बुंध्यावर मात्र तो परत झुलू लागला, वाऱ्यात उंच झाड झुलावं तसा. दोरीवरचं धुणं जागचं हलत नव्हतं.

झोके मोठे होत गेले. शेवटी बुडबुडा रस्त्याकडच्या टोकाला जाऊन चिकटला.

"रस्त्याकडे कललं का?" मी विचारलं.

"उलटं असतं ते, ताई. बुडबुडा चढाकडे पळतो." वरच्या रिकाम्या आकाशाकडे बघत तो मागे सरकला. "घरात कोण आहे?"

"सासूबाई आणि लेक."

"बाहेर बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

अंगणात लख्ख ऊन होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात आतून लेकच ओरडली, "आई, घरात एकदम अंधार का झाला गं?"