धोंडप्पाचं हसू

सोमलिंगची माती उरकून माणसं दारात टेकत होती, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या थोरल्या भावाला, धोंडप्पाला, हसू फुटलं.

साधंसुधं नव्हे. पोटातून उसळलेलं, चाकांची खुर्ची खडखडवणारं. मान पडू नये म्हणून नीलम्मानं नवऱ्याच्या कपाळावरून खुर्चीला बांधलेला पंचा सुटून त्याच्या गळ्यात आला. सख्खा धाकटा भाऊ मातीआड गेला आणि हा खदाखदा हसतोय! बायकांचं रडणंसुद्धा थांबलं.

नीलम्मा त्या वेळी जावेला, प्रेमाबाईला, कडू घास भरवत होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाऊबंदांच्या घरून पिठलं-भाकरी येते आणि पहिला घास त्यांनीच भरवायचा असतो. प्रेमाबाईचे उघडलेले ओठ मिटले. तिनं तोंड फिरवलं.

"वैरी मेल्यागत हसायलाव, भावजी?"

बोअरच्या पाण्यावरून दोघा भावांचा अबोला साऱ्या सास्तूरला ठाऊक होता. मग काय, ज्यानं त्यानं आपापल्या मनानं हिशोब लावला.

"अगं, आजारच तसा हाय ह्यो," नीलम्मा कळवळली. "हातापायाला, जिभेला चालवणाऱ्या नसा वाळायल्यात. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ह्ये हसू मनातलं नसतंय. रडायचं असलं तरी कवा कवा हसूच येतंय."

"हातापायाची नस ऐकलीया," भावकीतला कृष्णराज म्हणाला. "हसायची नस कुठं असती, वहिनी?"

धोंडप्पाला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. मेल्या आजारानं हात नेले, पाय नेले, वाचा नेली; कान आणि अक्कल तेवढी शाबूत ठेवली. त्याला एवढंच म्हणायचं होतं, की सोम्या, लेका, नंबर माझा होता, तू कशाला मधी घुसलास. पण ते मनात आलं, आतून गलबलून आलं, आणि तोंडातून पुन्हा हसूच सांडलं.

प्रेमाबाई उठून आत गेली. तिच्यामागं दार लागलं.

नीलम्मानं खुर्ची वळवली. भाकरीची पाटी धोंडप्पाच्या मांडीवर ठेवली आणि दोन गल्ल्या ओलांडून त्याला घरी आणलं. वाटेत थांबून तिनं त्याच्या गळ्यातला पंचा पुन्हा कपाळावरून बांधला. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी तिनं त्यातलीच भाकरी दुधात कुस्करली. पातळ दिलं की ठसका लागायचा, म्हणून चांगली घट्ट केली. पहिला चमचा तोंडात गेला, आणि धोंडप्पाला रडू आलं. आधी बारीक, मग हंबरडा. नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

घास घशात अडकू नये म्हणून नीलम्मानं तो आधी बोटानं काढून घेतला. मग ती तरातरा उठली. दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, खुर्ची ओढत उंबऱ्याशी आणली.

"या की! बघा की आता!" ती बाहेर बघून ओरडली. "भावासाठी रडायलेत, बघा!"

भूकंपानंतर वसवलेली ती रुंद, सरळ गल्ली. तिचा आवाज पार टोकापर्यंत गेला. दोन्ही बाजूंच्या दारांना कड्या होत्या. सगळी गल्ली सोमलिंगच्या दारी रडायला गेली होती.