तिघांपुरती भाजी

मीठ पडलं आणि भाऊसिंगनं पातेल्यात वाकून पाहिलं.

पडलं ते हाताच्या सवयीनं पडलं. चांगलं मूठभर. समोर पातेलं होतं वीतभराचं, त्यात चार वांगी, दोन बटाटे आणि एवढासा रस्सा. डोक्यावर दिवे, चहूकडून कॅमेरे, आणि भिंतीवरचं घड्याळ उलटं पळत होतं. मुंबईत चाललेल्या, टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेची ही पहिलीच फेरी. नियम अगदी सोपा. एका तासात तीन परीक्षकांसाठी तीन ताटं.

सोपा म्हणे! रिठदच्या ‘राखी केटरर्स’च्या ह्या मालकानं उभ्या जन्मात शंभर माणसांच्या खाली स्वयंपाक केला नव्हता. रिसोडपासून वाशिमपर्यंत लग्न असो की तेरवी, पंगतीतली आलू-वांग्याची भाजी भाऊसिंगच्याच हातची लागायची. घरच्या गॅसजवळ मात्र त्याची बायको राखी त्याला फिरकू देत नसे. एकदा त्यानं हौसेनं चहा केला होता, तो गल्लीभर वाटावा लागला.

म्हणूनच निघताना तिनं त्याच्या खिशात एक वाटी घातली होती. “माप हिनंच घेजा. मूठ वापरू नका, हात जोडते तुमाले!”

“अवं, तीन माणसाचं त लेकरूबी करते!” भाऊसिंगनं मिशीला पीळ दिला. आणि एसटीत पाय ठेवता ठेवता सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलून बसला, “टीव्हीवाल्यायनं मले वापस धाडलं त ही मिशी उतरवीन!”

रामधन न्हाव्यानं तिथंच वस्तऱ्याला धार लावायला घेतली. गाव काय, तमाशाला टपलेलंच असतं.

आता वाटी खिशात होती आणि मीठ पातेल्यात. भाऊसिंगनं चमचाभर रस्सा चाखला आणि डोळेच मिटले. अरे देवा! नुसता खारा. गेली, मिशी गेली! बापाची, आजाची, सात पिढ्यांची मिशी एका मुठीत गेली.

पण पंधरा सेकंदांतच त्याच्यातला आचारी जागा झाला. पडलेलं मीठ काढता येत नाही, भाजी तर वाढवता येते! ऐन वेळी वऱ्हाड वाढलं की दुसरं काय करतात? त्यानं भांडारातून बटाटे आणले. पातेलं शिगोशीग भरलं. मोठं पातेलं घेतलं. खारटपणा गेला, तर तिखट कमी पडलं. तिखटाच्या डब्यात हात घातला, तर पुन्हा मूठच! मग वांगी आणली. मग असतील नसतील तेवढी वांगी आणली.

“अबे पोट्टेहो, ती कढई आना इकडं!”

सेटच्या दारात शोभेसाठी एक भलीथोरली कढई मांडली होती, झेंडूच्या फुलांनी भरलेली. दोन लाइटवाले पळत गेले, फुलं उपसली, कढई घासली आणि शेगड्यांवर आणून ठेवली. आपल्याला हे कुणी सांगितलं, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. लग्नघरात आचाऱ्यानं हाक मारली की नवरदेवाच्या मामालाही उठावं लागतं, तो आवाज होता हा.

“ओ ताई, तुमचं ते पानाफुलाचं ताट राहू द्या! कोथमीर निवडा.”

शेजारची स्पर्धक, पुण्यात तीन हॉटेलं चालवणारी बाई, मुकाट्यानं कोथिंबीर निवडायला बसली. पलीकडचा लसूण सोलू लागला. फोडणी चरचरली, वास सुटला आणि कॅमेरावाले कॅमेरे सोडून कढईपाशी आले. कुणीतरी कॅन्टीनमधून पावाच्या लाद्या उचलून आणल्या. भाऊसिंगला आता घड्याळ दिसत नव्हतं, मिशी आठवत नव्हती. त्याला लग्नात असल्यासारखं वाटत होतं. खूप आनंद झाला होता त्याला.

भोंगा वाजला तेव्हा फरशीवर पहिली पंगत बसलेलीसुद्धा होती. वायरी ओढणारे, मेकअपवाले, झाडूवाल्या मावश्या. आणि भाऊसिंग वाढत होता, “घ्या हो, लाजू नका! घरचंच समजा!”

“आणि आमची ताटं?” परीक्षक मॅडमनी उंच खुर्चीवरून विचारलं.

“तुमी त बलावणारे,” भाऊसिंग म्हणाला. “आमच्याकडं बलावणारा शेवटच्या पंगतीले बसते. आधी पाहुणे त जेवू द्या, बाप्पा!”

शेवटच्या पंगतीला तिघंही परीक्षक मांडी घालून बसले. मॅडमनी भाजी पुन्हा पुन्हा मागून घेतली, पावानं ताट पुसलं, ढेकर दाबला आणि गंभीर चेहरा केला.

“नियमानं तुम्ही बाद.”

भाऊसिंगचा हात आपसूक मिशीवर गेला.

“पण जायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “तीन महिने शूटिंग चालेल. ह्या सगळ्यांचं जेवण आता तुमच्याकडे.”

सेटवर अशा शिट्ट्या पडल्या की ज्याचं नाव ते. भाऊसिंग बाहेर पळाला आणि त्यानं राखीला फोन लावला.

“राखी, बाद झालो वं!”

“वाटी?”

“खिशातच राह्यली.” त्याला हसू आवरेना. “पण वापस नाही धाडलं मले! रोज दीडशे माणसाचं कराले ठेवून घेतलं. त्या रामधनले म्हणा, वस्तरा पेटीत ठेव. अन् ऐक, आपली मोठी कढई...”

“मुंबईत पोचली असंन ते,” राखी म्हणाली. “इकडं तुमची एसटी हालली, अन् तिकडं मी कढई ट्रॅव्हल्सवर चढवली.”