पडद्याआधी सात मजले

“नाटकात घाल मला, खुशाल घाल. पण मला खाली उतरवल्याशिवाय पडदा पाडू नकोस,” सातव्या मजल्यावरची म्हातारी उम्म नजीब म्हणाली होती. त्याच इमारतीत राहणाऱ्या नटी रुदैनाने बोटाने आपले डोळे दाखवून शब्द दिला होता.

आज वीजमंत्री स्वतः पहिल्या रांगेत होते. बैरूतची ही रीतच. ज्याची नक्कल व्हायची त्याला मानाने समोर बसवायचं, आणि त्याने सगळ्यांत मोठ्याने हसायचं. टीव्हीवाले प्रयोग थेट दाखवत होते.

मध्यंतरात दिग्दर्शक वजीहने रुदैनाला विंगेत गाठलं.

“शेवटचा प्रवेश आज नको. लिफ्टच्या प्रवेशावरच संपवू.”

“का?”

“अगं, म्हातारी एकेक पायरी उतरत बसते, तेवढा वेळ कुणी हसत नाही. चॅनेलवाले दर गुरुवारचा कार्यक्रम देतायत आपल्याला. तो गेला तर थिएटरला कुलूप लागेल, रुदैना.”

“उम्म नजीब बघत असेल.”

“ती कुठे आलीय?”

“येणार कशी? टीव्हीसमोर बसली असेल.”

सरकारी वीज नसायचीच; गल्लीतल्या जनरेटरच्या वर्गणीत उम्म नजीबकडे एक दिवा आणि टीव्ही चालायचा. लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून तिने रस्ता पाहिला नव्हता.

“तिला मी समजावतो. मिठाईचा डबा घेऊन जातो उद्या.”

“जा ना. जिने चढून जा.”

तिसरी घंटा झाली.

मिशी लावून रुदैना मंत्री झाली. रंगमंचावरच्या लिफ्टमध्ये शिरली आणि नाटकातली वीज गेली. टीव्हीची निवेदिका झालेली नटी धावत आली, तिने लिफ्टच्या जाळीच्या बंद दाराला माईक लावला. “साहेब, देश वर चाललाय ना?”

“चाललाय तर. सध्या दोन मजल्यांच्या मध्ये आहे.”

हसून हसून लोक खुर्च्यांतून घसरले. खऱ्या मंत्र्यांनी मांडीवर थाप मारली, रुमालाने डोळे पुसले आणि शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले, “अगदी मीच.” कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलेना.

विंगेतून वजीहने हात खाली आणला. पडद्याची दोरी धरून उभा असलेल्या अस्साफने रुदैनाकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही.

लिफ्टमधून बाहेर येत तिने मिशी काढून खिशात ठेवली. मंत्र्याच्या कोटावरच डोक्याला ओढणी गुंडाळली आणि लिफ्टमागच्या लाकडी जिन्यावर चढून अगदी वर जाऊन उभी राहिली. लोकांना वाटलं, आणखी एक गंमत येतेय. कुणीतरी आधीच हसून घेतलं.

एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर.

“बिस्मिल्ला,” ती स्वतःशीच म्हणाली आणि पहिली पायरी उतरली.