नव्या शब्दाची खूण

"मॅडम, मंत्री पुढच्या वाक्यावर गेले आणि तुमचे हात अजून मागच्याच शब्दात अडकलेत," निर्मात्याने कानातल्या यंत्रातून टोमणा मारला.

अडकणारच. कामगार कायद्याविरुद्धच्या अर्जावर ज्यांनी सह्या केल्या, ते सगळे 'कुरतडे', देशाला आतून कुरतडणारे, हा शब्द मंत्र्यांनी महिन्यापूर्वी काढला होता. तेव्हापासून तो ज्याच्या त्याच्या तोंडी झाला होता. खुणांच्या भाषेत मात्र तो नव्हता. बातम्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात, वाटीएवढ्या गोलात उभी राहणारी ही दुभाषी तो एकेक अक्षर करून बोटांनी लिहून दाखवायची. त्या सकाळी मंत्री तो दहा मिनिटांत अकरा वेळा बोलले. बाराव्या वेळी तिचा डावा तळवा आपोआप आडवा झाला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या कडेवरून दातांसारखी चालत गेली. झटकन आणि नेमकं. निर्माता खूश झाला. खरं सांगायचं तर तीही झाली.

दुपारच्या पाळीतल्या दुभाष्याने ती खूण उचलली, संध्याकाळच्या दोघींनी त्याच्याकडून घेतली. आठवड्याभरात ती शहरातल्या सगळ्या बहिऱ्या माणसांच्या हातात बसली. कोणी काढली, हे कोणी विचारलं नाही. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. शिवीचं मूळ तर कोणाला नकोच असतं.

तिचे वडील जन्मापासून बहिरे. चाळीस वर्षं एका छापखान्यात पुस्तकं बांधत होते. अर्जावर त्यांची सही होती, वरून सातवी. छापखान्यातली निम्मी माणसं त्यांना पाठीमागे कुरतडा म्हणत आणि हळूहळू तोंडावरही म्हणू लागली. वडील मान खाली घालून सुईत दोरा ओवत. ओठांकडे पाहिलंच नाही की झालं. कान नसल्याचा जन्मात पहिल्यांदा फायदा झाला, असं ते तिला हसत सांगत. शिवाय त्यांना रविवार होता. रविवारी बहिऱ्यांच्या मंडळाची खोली, कॅरम, चहा आणि समोर शिंपी, शाळेपासूनचा दोस्त. तिथे सह्या न केलेलेही येत, मंत्र्यांचे झेंडे लावणारेही येत. पण बाहेरचं भांडण त्या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

मग एका रविवारी ते अर्ध्या तासात परत आले. पुढच्या रविवारी गेलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी ते घरी तिची जुनी शाळेची पुस्तकं शिवत बसलेले दिसले, तेव्हा तिने त्यांच्यासमोर बसून विचारलं, झालं तरी काय. आई गेल्यापासून घरात बोलणारे हात या दोघांचेच उरले होते.

त्यांनी सुई बाजूला ठेवून सांगितलं. शिंपी डाव हरला होता. थट्टेत म्हणा, चिडून म्हणा, त्याने ती खूण केली. सगळे हसले. हसू ओसरलं, पण नंतर त्यांच्यासमोर खेळायला कोणी बसलं नाही. सोंगट्या लावून ते थोडा वेळ थांबले आणि उठून आले.

आपण केलं ते सांगून टाकावं असं तिला फार वाटलं आणि तितकीच भीतीही वाटली. हे कळलं तर बाबा पुन्हा कधी आपल्या हातांकडे मायेने पाहणार नाहीत. मग तिने वळसा घेतला.

"तो शब्द महिनाभर होताच ना, बाबा," तिचे हात म्हणाले. "तुम्ही तर हसायचात त्याला."

"तो त्यांचा होता," वडील म्हणाले. "बोटांवर लिहिलेला शब्द वाचता येतो, पण लागत नाही. हा आपल्या भाषेतला आहे."

तिने पुढे रेटलं. ऐकू येणाऱ्या कोणीतरी काढला असेल, मी उद्या निर्मात्याशी भांडते, पुन्हा अक्षरं लिहू, हळूहळू लोक विसरतील. वडील ऐकून घेत होते, म्हणजे तिच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी मान हलवली. ऐकणाऱ्याला अशी खूण जमायची नाही, म्हणाले. आपल्या भाषेत वाढलेल्याचंच ते काम. खूण चांगली आहे, अगदी चोख आहे, म्हणून तर इतकी पसरली. हे सांगताना चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिने हात मांडीवर ठेवून दिले.

वडिलांनी पुढे वाकून तिचा उजवा हात उचलला. करंगळी चिमटीत धरली, सरळ केली आणि सोडली. ती पुन्हा वाकली. त्यांनी तिचा हात खाली ठेवला आणि आपले दोन्ही हात वर घेतले.

"ती खूण करताना सगळे करंगळी बाहेर काढून वाकडी धरतात. शिंप्यानेही तशीच धरली. त्यांना वाटतं, खूणच तशी आहे," ते म्हणाले. "तू चार वर्षांची असल्यापासून तुझी करंगळी अशी राहते. तुझी आई म्हणायची, वेळीच सरळ करायला शिकवा. मीच म्हटलं, राहू दे, गोड दिसते."