आठ तासांची वाट

"तीन तास," डॉक्टर लँड्रीबाई इंग्रजीत म्हणाल्या. "ओटावाहून इकालुइट दोन हजार किलोमीटर. विमान सरळ जातं, मधे उतरत नाही. या दोन दिवसांत निघाले तर तुझे वडील तेवढं सोसतील. पुढच्या आठवड्यात मी पाठवणार नाही. घरी जाऊन डोळे मिटायचे असतील, तर आत्ताच."

नीव्हीनं मान हलवली. मग खाटेवरच्या बापाकडे वळून आपल्या इनुइट बोलीत म्हणाली, "अताता, बाई म्हणतात, वाट फार लांबची. आठ तास. दोनदा विमान बदलायचं. तुमचं काळीज मधेच थांबेल."

एतुलू म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. इकडे आणताना त्याला सुई देऊन निजवलं होतं. वाट लांब की आखूड, त्यानं पाहिलीच नव्हती.

"आठ?" तो म्हणाला. "विमान आहे की कुत्र्यांची गाडी?"

नीव्ही हसली नाही.

"पुन्हा विचार, पोरी. बर्फावर उतरलेला उजेड एकदा बघू दे. धाकट्या पोराच्या हातचं सीलचं मांस, बोटाएवढा तुकडा. मग खुशाल जातो. वाटेत गेलो तरी चालेल, तोंड घराकडे असलं म्हणजे झालं."

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"इथेच राहायचं म्हणतात. तिकडे थंडी फार."

"थंडी? इनुइट माणसाला?"

"म्हातारं माणूस, डॉक्टर. मन बदलतं."

मग बोली बदलून ती म्हणाली, "विचारलं, अताता. नाहीच म्हणतात."

म्हाताऱ्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "मोठ्या डॉक्टर आहेत," तो म्हणाला. "त्यांना जास्त कळणार."

डॉक्टर इथेच राहण्याच्या संमतीचा कागद आणायला गेल्या. तेवढ्यात नीव्हीचा फोन वाजला. एका हातानं बापाच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत ती इंग्रजीत बोलत राहिली.

"नाही रे डेनिस, नाही जात. ते निघाले तर दुभाषी म्हणून मलाही निघावं लागतं, सरकारी तिकीटच तसं आहे. आणि तिकडे गेले की पुन्हा तेच घर, तेच चार रस्ते. या खेपेला गेले तर परत सुटणार नाही मी. सोमवारी कामावर येते... अरे, बोल बिनधास्त. त्यांना यातलं अक्षर कळत नाही."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले.

"कोण होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मैत्रीण. तुमची चौकशी करत होती."

"चांगली आहे बिचारी. जा, चहा घेऊन ये. साखर चोरू नकोस माझी."

ती गेली. डॉक्टर परत आल्या, त्यांनी म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावली. काळीज मंद चाललं होतं, बर्फाखालच्या पाण्यासारखं. कागदावर सही कुठे करायची, हे त्या बोटानं, खुणांनी दाखवू लागल्या.

एतुलूनं पेन घेतलं आणि सही केली. मग दाराकडे एकदा पाहून तो हळू, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "लहानपणी चार वर्षं क्षयाच्या इस्पितळात होतो, डॉक्टर, तुमच्याच मुलखात. मी गेल्यावर पोरीनं कधी विचारलं, तर सांगा, म्हाताऱ्याला शेवटपर्यंत इंग्रजी येत नव्हतं."