हिरवा दिवा

फोन एकदा वाजला आणि गप्प झाला. कल्याणीबाई लाटणं टाकून खिडकीकडे धावल्या, पण पिठाचा हात फोनला लागेपर्यंत कॉल कट झालेला. स्क्रीनवर कालचेच दोन शब्द होते. प्रायव्हेट नंबर.

"गेला! अहो, हे यंत्र विकत आणलं की भंगारातून उचललं?"

राजरत्न खुर्चीतून उठले. सिंकवर हात धुऊन टेबलाशी बसले. "वाढ आता."

"मी इथे जळून राहिली, आणि तुम्हाला भूक लागली?"

"सिग्नलचा बूस्टर ठीक आहे, कल्याणी."

"ठीक आहे म्हणे! रोज संध्याकाळी एकदा कोकलतं आणि मरतं. याला ठीक म्हणतात तुमच्या खात्यात?"

त्यांनी ताट इतक्या जोरात ठेवलं की वाटीतलं वरण सांडलं. राजरत्ननी ते बोटानं निपटलं आणि निवांत जेवले.

इकडे परदेशात, कनाटा गावाच्याही पुढे, शेतांना लागून त्यांचं घर होतं. छप्पर पत्र्याचं, त्यामुळे आत सिग्नल येत नसे. म्हणून गॅरेजच्या छपरावर अँटेना, जिन्याखाली बूस्टर आणि स्वयंपाकघरात दुसरी छोटी अँटेना, असा सगळा संसार राजरत्ननीच मांडला होता. आधी नागपूरच्या टेलिफोन खात्यात आणि मग इथल्या कंपनीत जन्म गेला त्यांचा. रिटायर झाले त्या दिवशी ऑफिसचा फोन परत केला आणि म्हणाले, आता पुरे. तेव्हापासून घरात फोन एकच होता, कल्याणीबाईंचा.

यापेक्षा नागपूरला बरं होतं, असं कल्याणीबाईंना वाटे. घरात फोनच नव्हता. राजरत्न दौऱ्यावर गेले की शेजारच्या भाऊसाहेबांचा काळा फोन एकदा वाजून थांबायचा आणि भिंतीपलीकडून वहिनी ओरडायच्या, "पोचले हो!" तो फोन कधी दगा देत नसे. आणि इथे छपरावर अँटेना लावूनही ही तऱ्हा!

राग फक्त यंत्रावर असता तर निभलं असतं.

लेकीनं, कोमलनं, गेल्या हिवाळ्यात किचनर शहरातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडली आणि ट्रकचं लायसन्स काढलं. आता ब्रॅम्पटनहून माल भरायचा आणि हायवे तुडवायचा. हे सांगायला ती याच स्वयंपाकघरात उभी होती.

"बापानं खांबावर चढून तुला शिकवलं, ते ट्रक हाकायला?" कल्याणीबाई कडाडल्या होत्या. "या घरात तुझा आवाज नको मला. फोनवर तुझं नावसुद्धा दिसायला नको."

"फाइन, आई," एवढंच म्हणून कोमलनं बूट चढवले. राजरत्न तिला गाडीपर्यंत सोडायला गेले आणि बऱ्याच वेळानं आत आले. त्यानंतर ते नाव फोनवर एकदाही उमटलं नव्हतं.

पण पोर आपलीच. आज ना उद्या तिचा फोन येईल. आणि नेमका तोच या यंत्रानं तोडला तर? तिला वाटेल, आईनंच कट केला. हा विचार आला की कल्याणीबाईंना जिन्याखाली जाऊन ते खोकं लाथाडावंसं वाटे.

"वायर ढिली असेल," त्या म्हणत. राजरत्न वायर आवळत. "बंद करून चालू करा." ते करत. "दोन अँटेना जवळ आल्या की ते स्वतःलाच ऐकत बसतं, तुम्हीच सांगितलं होतं ना?" मग छोटी अँटेना पार वॉशरूमच्या भिंतीला गेली. बूस्टरचा दिवा हिरवा तो हिरवाच, आणि संध्याकाळी पुन्हा एकदाच ट्रिंग.

बर्फ पडला की राजरत्न लांब दांड्याचा ब्रश घेऊन बाहेर जात आणि अँटेना झाडून येत. "कंबर मोडून घ्या," त्या दारातून ओरडत, "पण नवीन आणू नका!"

शेवटी शनिवारी कल्याणीबाईंनी योगेशला बोलावलं. आंबेडकर असोसिएशनमधला ओळखीचा माणूस, कनाटाच्याच एका कंपनीत नेटवर्कचं काम करणारा. दुपारपासून बर्फ सुरू होता. राजरत्न बाहेर फावड्यानं ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते.

योगेशनं जिन्याखाली वाकून पाहिलं, मग फोन घेऊन घरभर फिरला. "काकू, फुल बार आहेत. काकांनी सेटअप एक नंबर केलाय."

"मग कॉल का तुटतो?"

"तुटत नाही, समोरचाच ठेवतोय. प्रायव्हेट नंबर, म्हणजे मुद्दाम लपवलेला, आणि रोज एक रिंग. हे स्पॅमवाले असतात. नंबर चालू आहे का ते बघतात."

"मेल्यांनो! आणि मी धावून राहिली पिठाच्या हातानं!"

"ब्लॉक करून टाकू? प्रायव्हेट कॉल फोनपर्यंत येणारच नाहीत."

"पण ज्याचं नाव सेव्ह आहे, ते येईल ना?"

"येणार ना, काकू."

"मग कर." कल्याणीबाईंच्या डोळ्यांपुढे एकच नाव होतं. "एकदाची वाट मोकळी होऊ दे."

योगेश चहा पिऊन गेला. अंधार पडला, बर्फ वाढला. रस्त्यावरून बर्फ हटवणारा प्लाऊ दिवे फिरवत गेला आणि त्यामागे रस्ता पुन्हा पांढरा झाला. फोन वाजला नाही. कितीतरी दिवसांनी कल्याणीबाईंनी एकही भाकरी न करपवता स्वयंपाक उरकला.

"बघा, कशी शांतता आहे!" त्या म्हणाल्या.

राजरत्न खिडकीशी उभे होते. ते जिन्याखाली जाऊन आले, ब्रश घेऊन बाहेर जाऊन आले, फोन उचलून पाहिला आणि ठेवला. मग त्यांनीच विचारलं, "बूस्टर चालू आहे ना गं?"

"दिवा हिरवा आहे. आज यंत्राची काळजी तुम्हाला?" त्यांनी ताट घेतलं. "या, वाढून राहिली. गार होईल."

"थांब," काचेवरून नजर न काढता राजरत्न म्हणाले. "कोमल अजून पोचली नाही."