बुडालेल्याला हाक

"मावशी, तुमचा खिम बुडाला," हे धडधडीत खोटं मीच सांगितलं. मी जपान्यांनी जिंकलेल्या चीनमधल्या अमॉय बंदराच्या धक्क्यावरचा पोलीस. तिचं रडणं खरं असल्याशिवाय जपानी त्याचा शोध थांबवणार नव्हते. खिमला मी इंग्रज बोटीवर चहाच्या पेट्यांमागे दडवलं होतं.

झडती संपली. बोट सुटणार, तेवढ्यात मावशी त्याचा सदरा घेऊन धक्क्यावर आली.

"ही म्हातारी कशाला आलीय?" जपानी साहेबाने विचारलं.

"बुडालेल्याचा जीव घरी बोलावतात, साहेब. आमची रीत आहे."

लहानपणी खिमला ताप आला की ती दारात उभी राहून त्याच्या जिवाला अशीच हाक मारायची, आणि तो अंथरुणातून ओ द्यायचा.

तिने सदरा पाण्यावर हलवला. "खिम, घरी ये रे राजा!"

पेट्यांमागून आवाज आला, "आलो गं, आई."